दार बंद

तीस वर्षं मी मीटर वाचले.
जिन्याखालचे, माळ्यावरचे, चपलांच्या फळीमागचे.
आकडा दिसेना, तर टॉर्च दातांत धरून वाचले.
आता रिटायर होऊन वडाळ्यात, तळमजल्यावर,
मागच्या अडीच फूट मातीत
एक वेल आहे, ती वाचता येत नाही.

मी लावली नाही.
हेमलता म्हणते, मीही नाही.
वीतभर होती तेव्हा तण समजून उपटणार होतो,
तेवढ्यात फोन आला, राहून गेली.
आता ड्रेनेजच्या पाइपाला वेढे घालत
पहिल्या मजल्याच्या ग्रिलला हात पोचलाय तिचा.

वॉचमन म्हणाला, गुळवेल, काढा करा, साखर उतरते.
पान चावून पाहिलं. गुळवेल इतकी सभ्य नसते.
पाठारेबाई ग्रिलमधून म्हणाल्या, मधुमालती,
आणि लगेच, साप येतात हो, तोडून टाका.
मधुमालती मला माहीत आहे,
पांढरी उमलते, गुलाबी होते, लाल होऊन घोसानं लोंबते.
ही लाल व्हायचं नावच घेत नाही.

मग जुन्या डायरीत रकाने आखले.
सोमवार, संध्याकाळी सहा: कळ्या दोन,
एकाच पानाच्या काखेत, जुळ्या.
सात वाजता उघडल्या. पांढऱ्या.
वरचा ओठ चार दातांचा,
खालचा एकच, जीभ काढून दाखवल्यासारखा.
मंगळवार, दुपार: त्याच दोन, पिवळ्या,
ट्रंकेत राहिलेल्या पोस्टकार्डासारख्या.
पानं समोरासमोर. कोवळ्या देठावर लव.
बुधवार: फुलाची शेपटी चिमटून आतला दोरा ओढला.
टोकाशी एक थेंब आला, जिभेवर ठेवला.
युनिट लिहिले नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरची ऋजुता झाडांचं शिकते.
तिनं ब्लेडनं फूल उभं चिरलं, बराच वेळ बोलली नाही.
"काका, हनीसकल आहे ही.
कुठली, ते फळ आल्याशिवाय मी सांगणार नाही,
शंभराच्या वर बहिणी आहेत तिला."
म्हणजे आडनाव लागलं.
"आणि बी पक्ष्यानंच टाकलेलं असणार.
आई असेल इथंच कुठंतरी."

डहाळी ओल्या रुमालात गुंडाळली
आणि निघालो, जुन्याच बीटवर, पारशी कॉलनीच्या बाजूला.
फाटकं तीच, फक्त मी खाकी नव्हतो.
चौथ्या गल्लीत आधी वास आला,
मग घर पायांना आठवलं:
मीटर जिन्याखाली, डावीकडे, शेवटची चकती जरा अडकणारी.
मान वर केली.
अख्खा व्हरांडा तिनं भरलेला,
पांढरी-पिवळी, पांढरी-पिवळी, कौलांपर्यंत.
इतकी वर्षं या दारात आलो
आणि वाकून, आकडा घेऊन, वाकूनच परत गेलो.

खोरशेदबाई दुबाश छडी टेकत बाहेर आल्या.
मी रुमाल उघडला. हिचं नाव काय, विचारलं, दोनदा, मोठ्यानं.
"नाव कशाला पायजे? ती मागची वेल, बस."
मग चष्मा नाकावर सरकवून माझ्याकडेच पाहत राहिल्या.
"आनी तुमचा नाव काय?
एवढा वरस तुम्ही येते,
आमी तर मीटरवाला, मीटरवाला बोलते."

सांगितलं. भालचंद्र तेरवणकर.
त्यांनी ते एकदा चुकीचं म्हटलं, एकदा बरोबर,
आणि चहा टाकायला आत वळल्या.

रात्री डायरी उघडली.
पाठारेबाईंनी खिडकी लावलेली नव्हती.
मागील नोंद, चालू नोंद, सगळं भरलं.
'नाव' या रकान्यात काही सुचेना,
तेव्हा कुलूप दिसलं की लिहायचो, तेच लिहिलं:
दार बंद. पुन्हा येणे.